झेंडूच्या चौकटीतला फोटो

आमच्या अध्यापक विद्यालयात शिक्षणातलं तंत्रज्ञान हा विषय माझे यजमान शिकवायचे. मी मराठीची. गेल्याच्या गेल्या हंगामात गेवराईजवळ महामार्गावर उसाची एक ट्रॉली दिवे न लावता उभी होती आणि हे मोटारसायकलवरून मागून येत होते. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. पुढचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांचा विषय माझ्याकडे आला. प्राचार्य म्हणाले, दुसरं कोणी नाही, आणि घरात ऐकून ऐकून तुम्हाला बरंच माहीत असेल. मला काही माहीत नव्हतं. घरात आम्ही पुस्तकांबद्दल बोलायचो, नाहीतर भाजीबद्दल.

तेव्हापासून मला फोनची भीती वाटते. वाजला की वाटतेच, पण टेबलावर पालथा पडलेला असतानाही वाटते. अनोळखी नंबर दिसला की मी आधी कुठेतरी टेकते आणि मग उचलते. आणि असं असताना मी पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना शिकवत होते की वर्गात फोन कसा वापरावा. आदल्या दिवशी शिकायचं, दुसऱ्या दिवशी शिकवायचं. फोनवरचं चित्र टीव्हीवर कसं न्यायचं, धड्याचा आवाज कसा भरायचा, पालकांच्या गटावर काय टाकायचं आणि काय टाकायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर पाठ्यक्रमात अर्धंच पान होतं. ते मी वाचून दाखवलं आणि पुढे गेले.

खरं तर फोन त्यांना माझ्यापेक्षा चांगला येत होता. आमच्या भागात गावात एक तरी पोरगा किंवा पोरगी बॅनर करणारी असते. वाढदिवस, बारसं, निवडून आल्याचं अभिनंदन, दहावा, सगळं फोनवरच तयार होतं. फोटो घालायचा, खालची अक्षरं बदलायची, पाठवायचं. माझ्या वर्गातली एक मुलगी यात हुशार होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली सून, घरात शिकलेली पहिलीच. सासरच्या भावकीत काहीही झालं की फोटो तिच्याकडे यायचा. तिला त्याचा अभिमान होता आणि तो असावा असंच मला वाटायचं.

हिवाळ्यात सराव पाठांसाठी आम्ही नांदूरघाटजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत होतो. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. तिसरीच्या वर्गात निम्मी पोरं आईबापाबरोबर कारखान्यांकडे गेलेली, उरलेली आजीआजोबांपाशी. उरलेल्यांनी तरी रोज यावं म्हणून बॅनर करणाऱ्या आमच्या त्या विद्यार्थिनीने एक युक्ती काढली. आठवडाभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाचा फोटो शनिवारी टीव्हीवर दाखवायचा, टाळ्या वाजवायच्या आणि तोच फोटो पालकांच्या गटावर टाकायचा. तिकडे उसाच्या फडात आईबापांनाही कळेल की आपलं लेकरू शाळेत जातंय. मला ही कल्पना फार आवडली. तिच्या पाठाच्या टाचणावर मी तसा शेराही लिहिला.

शनिवारची सकाळची शाळा होती. मी शेजारच्या वर्गात दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा पाठ बघत बसले होते. टाळ्या ऐकू आल्या म्हणून तिसरीच्या दारात गेले.

टीव्हीवर एका लहान मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, कपाळावर टिकली. फोटो राखाडी झालेला. भोवती झेंडूच्या माळा, खाली दोन बाजूंना दोन पेटत्या समया आणि वरून पाकळ्या पडत होत्या. समयांच्या मधे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आठवडाभराच्या हजेरीबद्दल हार्दिक अभिनंदन.

मी दाराची चौकट धरली. याच माळा, याच समया, अशाच पडणाऱ्या पाकळ्या. हे गेले तेव्हा यांचा फोटो त्यात घालून कोणीतरी पाठवला होता आणि मग तो मी ज्या ज्या गटावर आहे तिथून तिथून माझ्याकडे येत राहिला. त्या चौकटीतली अक्षरं कोणी वाचत नाही. वाचायची गरज नसते.

फोटोतली मुलगी पहिल्या बाकावर बसून स्वतःकडेच बघत होती आणि खूश होती.

मी आमच्या विद्यार्थिनीला बाहेर बोलावलं आणि विचारलं, गटावर टाकलास का? ती म्हणाली, हो मॅडम, लगेच. आवाजात आनंद होता. मी म्हटलं, काढ. तिला कळेना. तिच्या दृष्टीने फुलं होती, दिवे होते, सत्कार होता. गेल्या महिन्यात चुलत सासरे वारले तेव्हा तिने तीच चौकट वापरली होती. फोनमध्ये ती पहिलीच आली, अक्षरं बदलली, झालं. मी फक्त वर्गाकडे बोट केलं. तिने पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, आणि या वेळी तिला तो दिसला. तिने घाईघाईने गटावरून फोटो सगळ्यांसाठी काढून टाकला.

पण तोवर खाली जोडलेले हात येऊन बसले होते, आणि एकाने लिहिलं होतं, लई वाईट झालं. फोटो गेला, त्या जागी काहीतरी काढून टाकल्याची राखाडी ओळ राहिली. ती ओळ तर फोटोपेक्षा वाईट होती.

मुलीचे आईवडील करमाळ्याकडे एका कारखान्याच्या टोळीत होते. वडिलांचा फोन बटणांचा, ते या गटावर नव्हते. पण त्याच टोळीत असलेला त्यांचा चुलत भाऊ होता. आईला वाचता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी मला तेव्हा सांगितलं. मी मनात म्हटलं, अजून कोणी बघितला नसेल. फडात असतील, हातात कोयता असेल.

शाळा सुटायच्या आधीच मुख्याध्यापकांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, मॅडम, तुम्ही बोला, तुम्हाला समजावून सांगता येईल.

पलीकडून वडिलांनी विचारलं, पोरीला काय झालंय? मी म्हटलं, काही झालेलं नाही, मुलगी बरी आहे, काळजी करू नका. आणि माझंच वाक्य कानावर पडून मी थांबले. आमच्याकडे कोणी फोनवर मरणाची बातमी देत नाही. जरा लागलंय म्हणतात, बरं नाही म्हणतात, या म्हणतात, काळजी करू नका म्हणतात. मलाही सांगितलं होतं, साहेबांना थोडं लागलंय, बरे आहेत, तुम्ही फक्त निघा. तेच शब्द, तोच सांभाळलेला आवाज. आता तो माझ्या तोंडातून निघत होता आणि तो माणूस त्याचा काय अर्थ घेतोय हे मला पुरतं कळत होतं.

"बरी हाय म्हणता, मग फोटो कावून काढून टाकला?"

मी चौकटीबद्दल, चुकीबद्दल, हजेरीबद्दल सांगायला लागले. त्यांच्या मागे वारा होता, कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, आणि एक बाई एकाच सुरात रडत होती. माझं सांगणं मलाच खोटं वाटू लागलं. खऱ्या गोष्टीला कोणी इतकं लांबण लावत नाही.

"पोरीला द्या," ते म्हणाले.

मुलगी जवळच होती. तिने दोन्ही हातांनी फोन कानाला धरला आणि काहीच बोलली नाही. आम्ही तिच्याभोवती जमलो. बोल ना, पप्पा आहेत. नुसतं हॅलो म्हण. नाव सांग. तिने ओठ आत घेतले आणि फरशीकडे बघत राहिली. मघाशी टाळ्या वाजत होत्या तेव्हा चुरुचुरु बोलणारी मुलगी. पलीकडून हॅलो, हॅलो एवढंच येत होतं. मी फोन परत घेतला तेव्हा ते म्हणाले, मॅडम, आमी निघालो. आणि फोन बंद झाला.

परत लावला तर लागेना. चुलत भावाचा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग आमच्या विद्यार्थिनीने, जे मी तिला वर्गात शिकवलं होतं तेच केलं. मुलीचा व्हिडिओ काढला आणि गटावर टाकला. व्हिडिओत मुलगी भिंतीला टेकून, घाबरून, गप्प उभी होती. खाली एकाने विचारलं, जुना हाय का? मुख्याध्यापकांनी लिहिलं, विद्यार्थिनी सुखरूप आहे. त्याच्याखाली पुन्हा कोणीतरी हात जोडले. मी त्यांना म्हटलं, सर, आता काही टाकू नका.

बऱ्याच वेळाने टोळीचा मुकादम फोनवर सापडला. तो म्हणाला, दोघं मोटारसायकलवर गेले. भाऊ रिकाम्या ट्रकातून मागून निघालाय. बाई लई रडत होती. मी म्हनलं, तुमी बी ट्रकातून जा, पर ऐकायला तयार न्हाईत.

मोटारसायकल म्हटल्यावर मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. करमाळ्यापासून इथपर्यंतचा रस्ता मला माहीत होता. हंगामात त्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या असतात, रस्त्याबाहेर आलेला ऊस असतो, एखादी पंक्चर होऊन जिथल्या तिथे उभी असते. आणि त्यावरून एक माणूस गाडी चालवत होता ज्याला आपली मुलगी गेली असं वाटत होतं. मागे बसलेली बाई रडत असणार, त्याचं लक्ष तिकडे असणार. जिवंत मुलीसाठी ती दोघं त्या रस्त्यावर आली होती, आणि त्यांना थांबवायला माझ्याकडे कुठलाच मार्ग नव्हता. इतके गट, इतके फोन, आणि त्या दोघांपर्यंत पोचणारं एकही वाक्य नाही.

शाळा सुटली, मुलं गेली. मुलीची आजी घरून आली. काय झालं ते तिला कोणीतरी वाटेतच सांगितलं होतं. ती हसतच आली.

"आयुष्य वाढलं लेकराचं, बाई. कावून एवढ्या घाबरल्या?"

तिने नातीची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मी सांगितलं की मुलगा आणि सून गाडीवर निघालेत. तिचं हसू गेलं. आजच येत्यात का, म्हणून तिने दोनदा विचारलं आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, तिलाही रस्त्याची भीती वाटतेय. मी तिच्याजवळ सरकले.

आमची विद्यार्थिनी हापशापाशी उभी होती. जेवणाचा डबा तिने उघडला नव्हता. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, माझं नाव काढून टाका. मी नाही होणार शिक्षिका. त्यांना वाटंत काय झालं तर मी काय तोंड दाखवू?"

तिला धीर देणारं काहीतरी म्हणायला हवं होतं. पण काही होणार नाही असं मला म्हणता येईना. मी हे वाक्य म्हणत नाही आता. मी तिला पाणी आणून दिलं आणि बस म्हटलं. ती बसली. मुलगी खडूचे तुकडे गोळा करून फरशीवर काहीतरी काढत होती. प्रत्येक गाडीच्या आवाजाला आम्ही तिघी मोठ्या बायका रस्त्याकडे बघत होतो आणि ती बघत नव्हती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा माझा फोन वाजला. मुकादमाला मी माझा नंबर देऊन ठेवला होता. आता पडद्यावर अनोळखी नंबर होता. मागच्या वेळीही अनोळखीच होता, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाचा तरी. माझा अंगठा त्या हिरव्या खुणेवर जाईना. विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं, फोन माझ्या हातातून घेतला, उचलला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

बाईचा आवाज होता. कुठल्यातरी टपरीवरून, दुसऱ्याच्या फोनवरून बोलत होती. त्यांचा फोन केव्हाच बंद पडला होता, माझा नंबर तिने मुकादमाकडून घेतला होता. ती रडत नव्हती. तिने काही विचारलं नाही. म्हणाली, मला फकस्त तिचा आवाज ऐकू द्या, मग काय खरं ते सांगा.

आम्ही फोन मुलीसमोर धरला. मुलीने आजीकडे पाहिलं. ते मी मघाशी पाहिलं नव्हतं, कारण मघाशी आजी तिथे नव्हती. आजीने मान फिरवली.

"बोल की गं," आई म्हणाली. "मुकी झाली का काय, भवाने?"

"आजी म्हनली फोनवर बोलू नको."

"कावून?"

"बोललं की तोंडातून निघून जाईल म्हनली." मग एका दमात, "आजीनं शेळी इकली. तुजी ठिपक्याची. म्या न्हाई सांगितलं, तूच इचारलं."

मग आईने विचारलं, कवा? मुलगी म्हणाली, लई दिस झाले. तिची लहानी पाठी बी इकली. आणि मग फोनमधून असा एक आवाज आला की ती हसतेय की रडतेय ते कळेना. बराच वेळ येत राहिला. मधेच ती नवऱ्याला म्हणाली, जिती हाय हो. शेळी इकली म्हातारीनं, जिती हाय. मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "कुठं हाय म्हातारी? तिला द्या फोन."

आजीने दोन्ही हात पदराखाली घेतले. फोन घेतच नव्हती. पण आता त्या दोघांचा विश्वास बसला होता. खोटं बोलणाऱ्या माणसाला शेळी सुचत नाही.

मग वडील फोनवर आले. म्हणाले, मॅडम, निम्म्याच्या वर आलोत, आता तोंड बघूनच जातो. मी म्हटलं, हळू या. ते हो म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, ट्रॉलीच्या मागे जवळ राहू नका, उभ्या असतात, दिसत नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या ट्रॉल्या आमीच भरतो."

तरीही ते येईपर्यंत मी पायरीवरून उठले नाही. मुख्याध्यापक म्हणाले, आता कशाला काळजी, सगळं मिटलंय. त्यांच्या दृष्टीने मिटलं होतं. माझ्या दृष्टीने ती दोघं अजून रस्त्यावर होती.

दिवस मावळायच्या जरा आधी गाडी फाटकातून आत आली. आईच्या अंगात साडीवरून पुरुषाचा शर्ट होता, डोक्याला फडकं, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. ती धावली नाही. मुलीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला, दंड दाबले, हनुवटी वर करून डोळ्यांत पाहिलं. मग पाठीत एक धपाटा घातला. मुलगी रडायला लागली आणि मग आईने तिला जवळ घेतलं. वडील गाडीपाशीच उभे राहिले. हँडलवरचे हात त्यांनी काढले नव्हते.

आजी कुठे दिसत नव्हती.

आईने विचारलं, कोणत्या मॅडमनी केला तो फोटो? मला वाटलं आता काय होईल ते होईल. आमची विद्यार्थिनी दाराआडून बाहेर आली. मी तिच्या आणि त्या बाईच्या मधे जाऊन उभी राहणार होते, पण त्याआधीच आई बोलली.

"आता तुमीच काढा," आई तिला म्हणाली. "आमच्या तिघांचा. टोळीतल्या बायांनी चुली पेटवल्या न्हाईत दुपारपासून. मुकादमाला पाठवा म्हंजी जेवतील."

विद्यार्थिनीने हात मागे घेतले. म्हणाली, मला नको, मॅडम काढतील. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती शाळेच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, मुलीला पुढे घेतलं, नवऱ्याला हाक मारली. तो आला, पण हातभर अंतर ठेवून उभा राहिला. विद्यार्थिनीने फोन काढला. पहिला फोटो हलून नुसता रंगांचा निघाला. दुसऱ्यांदा तिने कोपर पोटाशी घट्ट धरलं.

"हसायचं का?" आईने विचारलं.

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. हसलेला फोटो बघून तिकडे काय वाटेल, न हसलेला बघून काय वाटेल, याचा मी खरोखर विचार केला. मग म्हटलं, मुलीला काहीतरी बोलायला लावा. आईने मुलीला विचारलं, पाठी कुणाला इकली गं? आणि मुलगी रडव्या तोंडानेच हात करून सांगायला लागली, आणि फोटो निघाला.

विद्यार्थिनीने तो माझ्यासमोर धरला. मुलीचं तोंड उघडं होतं, हात हललेला होता. आई तिच्याकडे वाकून ऐकत होती. वडील दुसरीकडेच बघत होते. मागे अर्धी मुळाक्षरं आणि खिडकीचा गज. मी कडा पाहिल्या, कोपरे पाहिले, आईच्या डोक्यावरचं फडकं पाहिलं, त्यात कोणाला आणखी काही दिसेल का ते शोधलं. बराच वेळ लागला. सगळे थांबले होते.

"पाठवू का मॅडम?" तिने विचारलं.

मी अजून एकदा पाहिलं आणि म्हटलं, पाठव.